ओट्याची उंची

१२ ऑक्टोबर

सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार. नुसता लिहायचा म्हणून लिहिलेला नाही, या वेळी खरोखर घातला आहे असं समज. तुम्ही दोघं ठीक असाल. भावोजींचा गुडघा काय म्हणतो? इकडे थंडी पडायला लागली आहे. पत्रास कारण की, तू माझा फोन उचलत नाहीस.

तुझा शेवटचा निरोप पोचला. ‘स्वयंपाकघराला संगमरवर लावून झाला की तुझ्या बायकोला म्हणावं, आम्हा गरिबांशी बोलायला सवड काढ.’ ताई, एक तर तो संगमरवर नाही, साधा करडा दगड आहे. आणि टोमणा इतका ताजा होता की तुझी प्रकृती उत्तम आहे याची खात्री पटली. बाकीचं खाली येतंच आहे. आधी स्वयंपाकघराचं सांगू दे, म्हणजे मला जरा धीर येईल.

जुनं स्वयंपाकघर म्हणजे नुसता बोळ होता. दोन माणसं आत शिरली तर एकाने दुसऱ्याची परवानगी काढल्याशिवाय बाहेर पडता यायचं नाही. मधली भिंत पाडली. धूळ चहात, उशीत, माझ्या चष्म्याच्या डबीत. सगळा संसार बैठकीच्या खोलीत आला. टीपॉयवर विजेची शेगडी, पुस्तकांच्या कपाटात डाळी, शब्दकोशाला टेकून हळदीचा डबा. भांडी न्हाणीघरात घासली जातात आणि ती मी घासतो. हसून घे.

या पसाऱ्यात हिने एकही दिवस बाहेरचं जेवण येऊ दिलं नाही. कोचावर बसून टीपॉयवर कणीक मळायची, तिथेच पोळ्या लाटायची, आणि एकीकडे आतल्या कामगारांशी गप्पा. इतकी वर्षं इथे राहून माझ्या तोंडून इथली भाषा सरकारी अर्जासारखी येते. ही मात्र त्या लोकांशी बोलता बोलता भांडते, चिडवते, त्यांच्या बायकामुलांची चौकशी करते. सुतार खूप उंच आहे आणि बोलताना कमरेत वाकतो, म्हणून हिने त्याचं नाव ‘शिडी’ ठेवलं आहे. त्याला अर्थही सांगितला. तो खूश.

शिडी मला एकदा म्हणाला, “तुमच्या बाईसाहेब मजेत असतात. जागच्या हलत नाहीत, सगळं तुम्हीच हातात देता.” मी म्हटलं, आमच्याकडे असंच असतं.

हे ‘आमच्याकडे असंच असतं’ मी त्याआधीही एकदा वापरलं होतं. ओट्याची मापं दिली तेव्हा. नेहमीच्या उंचीपेक्षा ओटा जवळजवळ वीतभर खाली, आणि खाली कपाटं नकोत, सगळं मोकळं ठेवा. त्याने विचारलं, का? मी ठोकून दिलं, आमच्या देशात असंच असतं. त्याने मान डोलावली आणि घरी जाऊन विचार केला. भला माणूस आहे ना. त्याला वाटलं, साहेबांचा आकडा चुकला असणार.

आज मी कामावरून आलो तर दगड बसलेला. नेहमीच्या उंचीवर. खाली एकाला एक लागून सुरेख खण. शिडी हात पुसत म्हणाला, “तुमची चूक मी सुधारली. त्या मापाने तुमची कंबर गेली असती.”

बाहेरून हिने विचारलं, “काय झालं हो?” मी म्हटलं, काही नाही. आवाजावरून तिने ओळखलं. म्हणाली, “माझी खुर्ची आणा.”

ताई, ती खुर्ची चाकांची आहे.

फेब्रुवारीत हिच्या मणक्यात गाठ निघाली. तेव्हा मी तुला ‘ऑफिसची फार धावपळ आहे’ असं कळवलं होतं. ऑपरेशन झालं, गाठ काढली, जिवाला धोका नाही. पण कमरेखाली काही उरलेलं नाही. डॉक्टरांनी आशा लावली नाही, हेही बरंच केलं.

हिने तुला फोन केला नाही, कारण मी करू दिला नाही. आणि तुझा आला तर ती घेत नव्हती, कारण हिला खोटं बोलता येत नाही, तुझ्याशी तर मुळीच नाही. मी स्वतःला सांगत होतो की ताई ऐकेल तर भावोजींना तसंच टाकून विमानात बसेल. ते खोटं नाही. पण खरं म्हणजे तू दारात उभी राहिली असतीस तर मी तुझ्या गळ्यात पडून रडलो असतो, आणि मग मला परत उभं राहता आलं नसतं. कामगार यायच्या आधी खुर्ची आतल्या खोलीत लपवायचो, तेही त्याच भीतीने. ही कोचावर बसून राहायची. मला एका शब्दाने बोलली नाही.

तर खुर्ची आणली. मी हात द्यायला वाकलो, तिने बाजूला केला. दोन्ही हातांवर भार देऊन स्वतः कोचावरून खुर्चीत आली, चाकं फिरवत सगळ्यांच्या समोरून ओट्यापाशी गेली. दगडाची कड तिच्या गळ्यापाशी आली. शिडीला म्हणाली, “इथून मला पातेल्यात काय चाललंय ते दिसत नाही, नुसता वास येतो. वासावर किती दिवस स्वयंपाक करू?” मग सिंककडे बघून प्लंबरला म्हणाली, “आणि खालच्या गरम पाण्याच्या पाइपला काहीतरी जाड गुंडाळा. माझे गुडघे तिथे येणार. भाजले तरी मला कळायचं नाही.” हे तिने मीठ मागावं तितक्या सहज सांगितलं.

शिडी चक्क गुडघ्यांवर बसला. म्हणाला, “आधी का नाही सांगितलंत?”

हिने माझ्याकडे बोट केलं. “यांना वाटतं, बोललं नाही की ते झालंच नाही.”

त्याने दगड उतरवला, खण काढले. हिला पुढे घेऊन, मागे घेऊन, हात कुठवर पोचतो त्याच्या भिंतीवर खुणा केल्या. ही पेन्सिल कानाला लावून हुकूम सोडत होती. ताई, लग्न झाल्यापासून मी हिला बडबडी म्हणत आलो. माझ्या घरात इतकं धाडसाचं माणूस राहतं हे मला ठाऊकच नव्हतं. मला तिचा फार अभिमान वाटतो, आणि हे तिला तोंडावर सांगायची माझी टाप नाही म्हणून तुला लिहितो आहे.

ते लोक गेल्यावर म्हणाली, “सुताराला सांगितलं नाहीत, तर दगड काढून पुन्हा बसवता आला. ताईंचं तसं नाही. आज लिहा.”

म्हणून हे पत्र. मला काय बोलायचं ते बोल, राखून ठेवू नकोस. पण येत्या रविवारी सकाळी ती स्वतः तुला फोन करणार आहे. तिचा तरी उचल. रडलीस तरी चालेल, फक्त ‘बिचारी’ म्हणू नकोस, ती फोन ठेवून देईल.

मी तिला विचारलं, ताईने नाहीच उचलला तर?

म्हणाली, “तर करत राहीन. बसलेलीच तर असते.”

तुझ्या रागाला पूर्णपणे पात्र असलेला,
तुझा धाकटा