ह्यूईचा ठोका

प्रिय ह्यूई,

तू गेल्यावर किल्मार्नॉकचं घर विकलं आणि मी या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आले. काल ग्रेगर आला होता. आपला पोरगा पन्नाशीला टेकलाय, टक्कल पडलंय, पण रात्ररात्र नाचायच्या रेव्ह पार्ट्यांच्या दिवसांतली त्यांच्या बँडची ती गाजलेली तबकडी अजून तळहातावरच्या फोडासारखी जपतो.

तू ती कधी ऐकलीच नाहीस. "यात गाणं कुठाय? नुसता कारखाना चाललाय," म्हणायचास. पोरं माळ्यावरच्या खोलीत ती तयार करत होती, तेव्हा तू खालून झाडूच्या दांड्याने छत ठोकायचास. "बंद कर रे, डोकं उठलंय!" छताचे पडलेले पोपडे मीच झाडायचे.

काल ग्रेगरने ती लावली. दुसऱ्याच गाण्यात माझा चहाचा कप हातातच राहिला. मी म्हटलं, "अरे, हे तर..."

"बाबाच ते," तो म्हणाला. "मशीनमधून असला ठोका निघेना. मग मी मुद्दाम आवाज वाढवायचो आणि माइक जमिनीला लावून बसायचो. ते चिडले की आमचं काम झालं."

"मेल्या, मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर ठोकायचे थांबले असते ना, आई."

ह्यूई, अख्खं स्कॉटलंड तुझ्या रागावर नाचलं रे!

तबकडी मी ठेवून घेतलीय. आज दुपारी आवाज मोठा करून लावली, तर खालच्या बाईने झाडूने छत ठोकलं. तिला तुझ्यासारखा ताल नाही.

तुझीच,
नेटा