पाहुण्यांच्या खांद्यातली गाठ

बाबा, तुमच्या नातीला रविवारी पाहायला आले होते, कर्जतहून. मुलगा, त्याची आई आणि वडील. मुलगा तिनेच शोधलाय, त्यामुळे पाहणं आपलं नावालाच. तरी मी आदल्या दिवसापासून घर डोक्यावर घेतलं होतं आणि पोरीला दम भरला होता, "मी काय काम करते विचारलं तर दवाखान्यात आहे म्हणायचं. मालिश हा शब्द तोंडातून काढायचा नाय." ती हसली. मला काही हसू आलं नाही.

काम तेच आहे बाबा, तुमच्याच पाठीवर शिकलेलं. शिळफाट्याला एका डॉक्टरांकडे, पडद्याआड, मी लोकांच्या स्नायूंतल्या गाठी शोधते आणि अंगठ्याने नाहीतर कोपराने दाबून धरते. कोर्समध्ये त्यांना ट्रिगर पॉइंट म्हणायला शिकवलं. डोकं ठणकतं आणि गाठ असते खांद्यात, असं बाईंनी चित्र काढून समजावलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. भाताच्या गिरणीत दिवसभर पोती वाहून तुम्ही घरी यायचात आणि ओटीवर पालथे पडायचात. अंगाला कोंड्याचा वास. मी कोपर रोवतेय आणि तुम्ही म्हणताय, "आजून वर. आगं, वर! हां, तितंच हाय. आता रगडू नको, नुसती थांब." मी थांबते. कोपराखालचं कठीण हळूहळू सैल होतं आणि तुमचा मोठा श्वास सुटतो. मग तुम्ही ओटीवरूनच शेजाऱ्यांना ओरडून सांगायचात, "माज्या पोरीचा हात बगा रं!" मी लाजून आत पळायची, पण ते ऐकायला मला फार आवडायचं.

रविवारी मुलाचे वडील बसले तेच अवघडून. मान वळेना, म्हणून चहाचा कप घ्यायला अख्खे वळले. उजवा खांदा कानाला भिडलेला. गाठ कुठे असणार ते मला समोरच्या खुर्चीवरून कळत होतं, मानेच्या बुडाशी, खांद्याच्या हाडाच्या वरच्या टोकाला. त्यांची बायको म्हणाली, "किती दिस झालं, झोप नाय यांना." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "गरम पाण्याने शेका," आणि हात पदराखाली घेतले. ते हसून "बरं" म्हणाले आणि चहा बशीत ओतताना कळवळले. रोज परक्या माणसांच्या पाठीला हात लावते मी, त्यात कधी काही वाटत नाही. पण उद्या होणाऱ्या व्याह्यांनी मला मालिशवाली म्हणू नये, एवढ्यासाठी त्यांना तसंच कण्हत गाडीत बसू दिलं.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि पोरगी माझ्यावर उखडली. "आई, त्यांना सगळं माहितीये गं! मीच सांगितलेलं. तुझा हात लागेल या आशेवर ते गोळीसुद्धा न घेता आले होते. आता होणाऱ्या विहिणीला आपल्या तोंडाने कसं सांगणार ते, माझी मान धरा म्हणून?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. होकार आलाय त्यांचा. येत्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे जाणार आहोत, आणि चहाच्या आधी त्यांना पालथं झोपायला सांगायचं मी ठरवलंय. तेवढं जमेल मला.

दुसरं जमेल असं वाटत नाही. निघता निघता त्यांनी सहज विचारलं होतं, "तुमचे वडील काय करायचे?" मी पटकन म्हणाले, "गिरणीत मॅनेजर होते." पोरीने मला अडवलं नाही बाबा, कारण ती लहान असल्यापासून मी तिलाही तेच सांगत आलेय.