लाल दोऱ्याचा कॅमेरा

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या स्टुडिओच्या जागी मोबाईलचं दुकान आलं आणि तेही बंद पडलं. काल एका पोरीनं मला विचारलं, हॉलमधल्या बॅडमिंटनचे फोटो काढायला कोणता कॅमेरा घेऊ. मी मोठ्या शहाणपणानं सांगितलं, नाव बघू नकोस, आधी शटर बघ. ही अक्कल मला कुठून आली ते तिला सांगण्यासारखं नाही. तुम्हाला मात्र सांगायला हवं होतं.

आपल्या परभणीच्या स्टुडिओत दोन कॅमेरे होते, एकाच कंपनीचे, जुळ्यांसारखे. एक लग्नाबारशाचा. दुसऱ्याच्या पट्ट्याला तुम्ही लाल दोरा बांधलेला, तो मयताचा. कुणी गेलं की शेवटचा फोटो त्यानंच काढायचा आणि शुभकार्यात तो न्यायचा नाही, हा तुमचा नेम. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळे लांबलेले बॅडमिंटनचे सामने अखेर कॉलेजच्या हॉलमध्ये ठरले आणि नांदेडच्या एका दैनिकानं मला कळवलं, फोटो चांगले आले तर नोकरी देऊ. हॉलमध्ये ट्यूबलाइटचा मिणमिणता उजेड, फ्लॅशला बंदी. मी दोन्ही कॅमेऱ्यांची पाठ उघडून खिडकीकडं धरते, सेकंदाच्या पाचशेव्या भागावर शटर मारते. लग्नाचा कॅमेरा हजारो नवरा-नवऱ्या काढून थकलाय, शटरचा पडदा अडखळतोय, कोपरा काळा राहतोय. मयताचा मात्र कोरा करकरीत, कारण तो महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या वेळी बाहेर निघणार. पळत्या खेळाला लायक होता तो तोच.

मी मागितला. तुम्ही ओली बोटं पुसत म्हणालात, "त्याला हात लावू नको. त्यानं आजवर हालणारं माणूस बघितलेलं न्हाई. कशाला दाखवायलीस?" मला हसू आलं आणि रागही लय आला.

सामन्यांच्या सकाळी मी लाल दोरा सोडला आणि लग्नाच्या कॅमेऱ्याच्या पट्ट्याला बांधला. तासाभरात ताडकळसहून निरोप आला, एक म्हातारे शेतकरी वारले होते. तुम्ही दोरा बघून कॅमेरा उचललात, स्टँड काखेत मारलं आणि निरोप्याच्या मोटरसायकलवर बसून गेलात. मयताचा कॅमेरा घेऊन मी हॉलची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आपण दोघं डार्करूममध्ये होतो. माझे फोटो दृष्ट लागण्याजोगे आले होते. फुलाची पिसं मोजता येत होती, खेळाडू जमिनीपासून हातभर वर. पण चेहरे मला बघवेनात. सगळ्यांचे डोळे उघडे होते आणि कुणीच कुठं बघत नव्हतं. मग तुम्ही तुमचा कागद रसायनात सोडलात. भिंतीला टेकवून बसवलेले ते म्हातारे हळूहळू वर आले. पागोटं आलं, हार आला, मागच्या भिंतीतला खिळासुद्धा आला. उजवा हात तेवढा आला नाही. तिथं नुसतं धुरकट, हात उचलताना दिसतं तसं.

तुम्ही बराच वेळ वाकून बघत राहिलात. "म्हातारं हाललंय," म्हणालात. मग अगदी हळू, "आन् माझ्यादेखत त्याला सरणावर ठिवलं."

त्यानंतर तुम्ही मयताचा फोटो काढला नाही. जेवताना तुमचा हात मध्येच थांबायचा. दवाखान्यात गेलात की स्वतःचं दुखणं राहायचं बाजूला आणि डॉक्टरांना विचारायचात, माणूस गेला हे नक्की कशावरून कळतं. आई म्हणायची, कॅमेऱ्याची खोट असंल. तुम्ही म्हणायचात, "लग्नाचा असता तर मानलं असतं. हा चुकत न्हाई." मी ताटावर मान घालून बसलेली असे. दैनिकाचं नोकरीचं पत्र आलं होतं आणि मला तुमची भीती वाटत होती. दोन वर्षांत तुम्ही गेलात. तुमचा शेवटचा फोटो मी कुणाला काढू दिला नाही.

आबा, तो थकलेला कॅमेरा होता, दोरा मी बदलला. एवढं एक वाक्य बोलले असते तर तुम्हाला झोप लागली असती. पण थकलेलं शटर कोपरा काळा करतं, खिळा स्पष्ट ठेवून एकटा हात हलवत नाही. हे मला त्याच दुपारी, तुमच्या शेजारी उभी असताना कळलं होतं. तरीही मी ते वाक्य बोलायला हवं होतं.