चुरणीच्या ॲपचे तारे

आंबागड, तालुका तुमसर
मार्गशीर्षातला गुरुवार (घरात पूजेची मांडामांड चालू आहे, म्हणून मला मागच्या ओसरीत बसवलं आहे)

सन्माननीय भोजराजभाऊ यांना इश्वरचा मनापासून रामराम.

आपण आणि रुपावहिनी जवाहरनगरात सुखरूप असाल, असं धरून लिहायला घेतो. गुडघा कसा आहे? (हे शकुननं विचारायला सांगितलं. तुमच्या बहिणीला तुमच्या एका गुडघ्याची जेवढी काळजी आहे तेवढी माझ्या अख्ख्या देहाची नाही, पण ते असो.) सरकारी फॅक्टरीची बस क्वार्टरच्या जवळून उचलते तोवर गुडघ्याचं फार मनावर घेऊ नका. इकडे सगळं ठीक आहे. धान घरात आलं, धानाच्या बांधीत लाखोरीचं पीक हिरवं झालं, म्हैस तिच्या मर्जीनं का होईना पण दूध देते. घरात तीन फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तर फोनवर मी तोंड उघडलं की तुम्ही 'बरं बरं, शकुनले दे' म्हणता, आणि आज मला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचं आहे, कारण भाऊ, मी जिंकलो आहे. पत्र पोस्टात टाकायला शकुनच तुमसरला जाणार आहे, पण ती दुसऱ्याची पत्रं वाचणाऱ्यांतली नाही, त्यामुळे मोकळेपणानं लिहितो.

तुमची भाची दामिनी नागपूरहून इंजिनीअर होऊन आली, हे तुम्हाला माहीत आहेच. आल्या आल्या तिनं धानाच्या मळणीचं, चुरणीचं ॲप बनवलं. म्हणजे असं की धान कापून पडलं आहे, शेतकऱ्यानं घरबसल्या मोबाईलवर बोट ठेवायचं आणि जवळच्या गावातलं थ्रेशर खळ्यावर हजर. 'आपली चुरणी' असं नाव ठेवलं. (मी 'इश्वर ॲग्रो' सुचवलं होतं. घरात कोणी वर मान करूनही पाहिलं नाही.) आणि तिनं मला शब्द दिला की बाबा, या हंगामात ॲप चाललं तर मी इथंच राहीन, नाही चाललं तर पुण्याची नोकरी धरीन. आता तुमच्यापासून काय लपवायचं. ती होस्टेलात होती तेव्हा जेवताना मी आणि शकुन एकमेकांशी काय बोलत होतो, ते मला आठवत नाही. बहुतेक काहीच नाही. ती परत आली तसं आमच्या घरात पुन्हा भांडण सुरू झालं, टीव्ही सुरू झाला, वरणात मीठ जास्त झालं तर ते कोणीतरी बोलून दाखवू लागलं. ती जाऊ नये, एवढंच मला हवं होतं, आणि ते सगळं आता त्या ॲपवर येऊन बसलं होतं.

ॲप चांगलं की वाईट हे लोक ताऱ्यांवरून ठरवतात. पाच तारे म्हणजे उत्तम, एक म्हणजे हात जोडून नमस्कार. मोबाईलमध्ये तुमसरचं थ्रेशर शोधलं की दोन नावं यायची. वर भय्याजीचं 'फटाफट थ्रेशर', तारे चार पूर्णांक आठ. (भय्याजी म्हणजे तुमसरच्या बाजारात मशिनीच्या पट्ट्याचं दुकान आहे तो, पोटावर मोबाईल ठेवून झोपणारा.) खाली आपली चुरणी, तारे एक पूर्णांक नऊ. आणि गंमत पाहा, दामिनीच्या ॲपचं स्वतःचं पान उघडलं तर तिथे साडेतीनच्या आसपास. एकच ॲप, एकच दिवस, एकच मोबाईल, आणि तारे दोन ठिकाणी दोन. आपल्याकडे नेटवर्क नीट नाही म्हणून मी किल्ल्याच्या वाटेवरच्या मोठ्या दगडावर जाऊन पुन्हा पुन्हा पाहिलं. गुराख्यांना वाटलं मला काही नवस आहे. पण आकडा हलला नाही. शेतकरी तोच आकडा पाहून भय्याजीकडे जात होते. तेव्हाच मी ओळखलं की हे काम भय्याजीचं आहे आणि त्यानं त्या शोधून देणाऱ्यांपैकी कोणाला तरी हाताशी धरलं आहे. दामिनी म्हणाली, बाबा, असं नसते होत. पण ती शिकलेली आहे, तिला जगाचा काय अनुभव?

मग मी भय्याजीला रंगेहाथ पकडायचं ठरवलं. त्याच्या ॲपवर अंकुश नावानं थ्रेशर मागवलं, पत्ता दिला चिखला गावचा. बेत असा की मशीन वेळेवर येणार नाही, आली तर बिघडेल, आणि मी ते सगळं फोटोसकट जगापुढे मांडीन. एक बारीक गोष्ट राहून गेली. नकाशावर मी पत्ता जिथे टोचला ती खाणीची कॉलनी निघाली. ठरल्या वेळेच्या आधीच थ्रेशर मॅंगनीजच्या खाणीच्या फाटकावर जाऊन उभं राहिलं आणि ड्रायव्हर कैलाश तिथल्या चौकीदाराला विचारू लागला की धान कुठे आहे. चौकीदार म्हणाला, इथं जमिनीच्या खाली काय ते दगड आहेत, ते चुरून पाहा. कैलाशनं अंकुशच्या नंबरवर फोन लावला, आणि नंबर तर माझाच. मी आवाज बदलून, जाड करून बोललो. पलीकडून शांतपणे विचारणा आली, "इश्वरभाऊ, सर्दी झाली का तुमाले?" (कैलाशची सासुरवाडी आपल्याच गल्लीत आहे, हे मी विसरलो होतो.) माणूस इतका सज्जन की चिडला नाही. इतक्या लांब आलोच आहे तर तुमचंच धान चुरून देतो म्हणाला आणि मशीन घेऊन सरळ आंबागडला आला. म्हणजे अख्ख्या गावानं काय पाहिलं, तर आपल्या घरावर 'आपली चुरणी'चा मोठा फ्लेक्स आणि त्या फ्लेक्सखाली भय्याजीचं थ्रेशर धडधडतं आहे. दामिनी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आणि भाऊ, धान स्वच्छ निघालं, हे आणखी वाईट.

मी तरी हटलो नाही. बाजाराच्या दिवशी सरळ भय्याजीच्या दुकानात गेलो आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हटलं की लबाडीचे तारे लावून पोरीच्या पोटावर पाय देता, लाज वाटत नाही? मला वाटलं तो अंगावर येईल. तो उठला, मला खुर्ची दिली, आलूबोंडा मागवला आणि त्याचे डोळे पाण्यानं भरले. "इश्वरभाऊ, त्या ताऱ्यायनंच मले मारून टाकलं ना," म्हणाला. झालं असं की ॲप नवं होतं तेव्हा त्याच्या साडूनं, जावयानं आणि मेहुण्यांनी पाच-पाच तारे लावले. शोधणाऱ्या पानावर तोच जुना आकडा गोठून बसला. पुढे खरे गिऱ्हाईक आले, त्यांनी दोन-तीन तारे दिले, ते तिथे पोचलेच नाहीत. आता लोक जवळजवळ पाच तारे पाहून येतात, मशीन अर्धा तास उशिरा पोचली की त्याच्या आईबहिणीची चौकशी करतात. (एका गिऱ्हाइकानं मशीनच्या ड्रायव्हरला चहासुद्धा विचारला नाही, याचं त्याला फार लागलं होतं.) वर त्याला संशय असा की हा जुना आकडा दामिनीनंच गोठवून ठेवला, त्याला बदनाम करायला. मी आलूबोंडा खाल्ला. दुसराही खाल्ला. आणि घरी येताना मला पहिल्यांदाच शंका आली की त्याचा जुना आकडा त्याच्या घरच्यांनी चढवला, तर आपला जुना आकडा कोणी पाडला असेल?

शंका आली म्हणून मी स्वस्थ बसेन असं तुम्ही समजू नका. बचत गटाच्या बाया मारुतीच्या देवळापुढे जमल्या होत्या, तिथे मी उभा राहिलो आणि भाषण केलं. तुम्ही हवे होते, भाऊ. गावच्या लेकीची बाजू घेऊन मी असा बोललो की देवळातला पुजारी बाहेर येऊन बसला. ज्यांनी आपल्या पोरीला एक तारा लावला त्यांच्या बांधीत पाणी टिकणार नाही, त्यांच्या कोठीला घूस लागेल, त्यांची म्हैस आटेल, असं एकेक करून मी सांगत गेलो. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मला वाटलं, रंगत आली. तेवढ्यात गटातली धुरपता पदर सावरत उठली आणि म्हणाली, "भाऊजी, म्हशीचं नोका बोलू. तो तारा मीच लावला." तिच्यामागून दुसरी उठली, तिसरी उठली, आणि शेवटी उठायच्या कोण राहिल्या ते मोजणं सोपं झालं. मी विचारलं, काहून? त्यावर साऱ्यांनी एकाच दिशेला पाहिलं. तिथे तुमची बहीण बसली होती.

शकुनचं म्हणणं असं. पोरगी गावातली पहिली इंजिनीअर, त्यात तिचं ॲप, त्यात फ्लेक्सवर तिचा फोटो. दृष्ट लागणार नाही तर काय होईल? बाळ गोरंगोमटं असलं की गालाला काजळाची तीट लावतात, तशी हिनं पहिल्याच आठवड्यात ॲपला एक ताऱ्याची तीट लावली. आणि एकटीची पुरेल का म्हणून साऱ्या गटाला लावायला सांगितली. भाऊ, जगात कोणत्याही ॲपचा त्याच्या हितचिंतकांनी इतक्या मायेनं सत्यानाश केला नसेल. दामिनी आधी कपाळाला हात लावून बसली आणि मग इतकी हसली की तिला उचकी लागली.

पुढचं सगळं विजयाचं आहे. माझ्या भाषणाचा परिणाम असा झाला की बायांनी त्याच संध्याकाळी तारे बदलायला घेतले. पण तीट अशीच कशी पुसणार, म्हणून धुरपतानं आधी मीठ-मोहरी-मिरच्या घेऊन दामिनीच्या मोबाईलवरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. (ठसका कोणालाच लागला नाही, म्हणजे दृष्ट चांगलीच लागलेली होती, असं साऱ्यांचं मत पडलं.) मग एकेकीनं पाच-पाच तारे दाबले. इकडे दामिनीनं त्या शोधून देणाऱ्यांना इंग्रजीत तक्रार लिहिली की तुमच्या पानावर आमचाच नाही, भय्याजीचाही आकडा शिळा आहे, दोन्ही सुधारा. मी भय्याजीचं नाव काढून टाक म्हटलं तर तिनं ऐकलं नाही. काही दिवस काही हललं नाही, आणि मग एका मंगळवारी मी दगडावर बसून शोधलं तर आपली चुरणी सगळ्यात वर, तारे चार पूर्णांक सहा. भय्याजी खाली, खऱ्या आकड्याला, आणि इतका खूश की त्यानं स्वतःची सगळी थ्रेशरं दामिनीच्या ॲपवर चढवली. आता त्यालाही कमी शिव्या बसतात. तुमसरपासून इकडे डोंगरापर्यंत कुठेही चुरणी असो, बोट आपल्याच ॲपवर पडतं. मी दगडावर नारळ फोडला आणि गावात जिलेबी वाटली. लोक मला आता 'तारेवाले' म्हणतात, आणि ते मानानं म्हणतात असं माझं मत आहे.

तर अशी ही हकीगत. रुपावहिनींना नमस्कार, आणि थंडी वाढली आहे तेव्हा सकाळच्या पाळीला कान बांधून जात जा.

तुमचा विजयी भाऊजी,
इश्वर

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. ते चार पूर्णांक सहा नागपूरच्या एका कंपनीनं पाहिले. त्यांचा दामिनीला फोन आला की ॲप घेऊन आमच्याकडे या, साऱ्या विदर्भासाठी बनवू. मी तिला शब्दाची आठवण करून दिली, तर म्हणते, बाबा, शब्द मोडला नाही, ॲप इथंच राहणार आहे, मीच जाणार आहे. (हिला वकील करायला हवं होतं.) कंपनीची अट आहे की आकडा साडेचारच्या वर टिकला पाहिजे. तेव्हा भाऊ, कृपा करून तुमच्या क्वार्टरच्या लाइनीत जेवढे ओळखीचे असतील त्यांना दामिनीच्या ॲपला एक-एक तारा लावायला सांगा. केंद्र सरकारचे लोक आहेत, शिस्तीनं लावतील. वाईट हेतू मुळीच नाही. शकुनचं दृष्टीबद्दलचं म्हणणं मला उशिरा का होईना पटलं आहे, इतकंच. हे तुमच्या-माझ्यात राहू द्या.

ता. क. दुसरा, शकुनच्या हातचा. दादा, पाकिटाले गोंद लावाच्या आधी मी वाचलं. तारा-बिरा कोणाले लावाले सांगू नोका. ह्यायले वाटते का बाया ह्यायच्या भाषणानं उठल्या. दामिनीनं मले आधीच सांगितलं होतं का साडेचारच्या वर गेलं का नागपूरवाले बोलावतीन. मीच बायायले सांगितलं का पोरगी मोठी होऊन राहिली तं आता तीट पुसा. मीठ-मिरच्या उतरवून झाल्यावर मी मांगच्या खोलीत जाऊन रडली, ते ह्यायले माहीत नाही, सांगू नोका. सोमवारी तिले तुमच्याकडं आणतो. एक रात्र ठेवून घ्या अन् सकाळच्या नागपूरच्या गाडीत खिडकीजवळ बसवून देजा. हे पोचवाले येतोच म्हणून राहिले, येऊ देजा. पण गाडी गेल्यावर ह्यायले एकटे वापस नोका पाठवू, दादा. गुडघा दुखला तरी आंबागडपर्यंत तुमीच संग येजा.