माटुंग्याचा कौल

१५ फेब्रुवारी १९३१, रविवार. कुडपण.

आजपासून डायरी. माझ्याशिवाय कोणी वाचायची नाही. घरात वाचता येणारं दुसरं कोणी नाहीच.

गुरुवारच्या टपालाने मुंबईहून पत्र आलं. काळबादेवीच्या एका कापडवाल्या शेटजींनी मला कारकून म्हणून घेतलं. एक एप्रिलला हजर व्हायचं. अख्ख्या गावात मराठी सातवीची फायनल पास मी एकटा, तेव्हा हे होणारच होतं.

तुळसाला सांगितलं. तव्यावरची भाकरी उलटता उलटता म्हणाली, मी पण येनार. लग्नाला दोन वर्सं झाली, मला हितं ठेवून जायचं नाय. मी समजावलं, गावातले सगळे पुरुष बायकोला गावी ठेवूनच मुंबईला जातात. ती म्हणाली, म्हनून तर.

खरं सांगायचं तर मलाही तिच्यावाचून करमत नाही. तिला हे बोललो नाही. डोक्यावर बसेल.

संकल्प : मार्चअखेर मुंबईत सेफ आणि स्वस्त वस्ती शोधून खोली पक्की करणे. शिकलेल्या माणसाला हे घरबसल्या जमतं.

१७ फेब्रुवारी.

तुळसाच्या अटी तीन. दाराला आतून कडी, पाण्याचा नळ जवळ, शेजारी बायामाणसं. माझ्या सतरा. हवा, उजेड, दंगा नको, दारूचा गुत्ता नको, शेजारी निदान इंग्रजी तिसरी झालेला, जिन्यात कोणी थुंकता कामा नये, वगैरे. लिस्ट मोठ्याने वाचून दाखवली. तुळसा म्हणाली, अवो, एवढं तर आपल्या कुडपनात पण नाय.

बायकांना प्लॅनिंग कळत नाही.

२२ फेब्रुवारी. महाड.

पोलादपुरापर्यंत डोंगर उतरून चालत, पुढे मोटारीने. पायाला फोड. पण काम फत्ते! रद्दीच्या दुकानात मुंबईचा मॅप मिळाला. वीस वर्षांचा जुना आहे. असेना. मुंबई काही जागची हलत नाही.

२४ फेब्रुवारी.

मॅपचा अभ्यास. आईने विचारलं, वरीची रोपं लावायच्या आधी वाफ्यावर पालापाचोळा जाळून राब भाजायचाय, ते कोन करनार? म्हटलं, आये, सध्या मी मुंबईत आहे. तिने दोन्ही हात जोडले.

मॅपवर माटुंगा म्हणून एक भाग आहे. तिथे जवळजवळ काहीच छापलेलं नाही. माणसं नाहीत म्हणजे चोर नाहीत, दंगा नाही, जिन्यात थुंकणं नाही. रिकामी जागा स्वस्तच असणार. इतकी साधी गोष्ट मुंबईकरांच्या ध्यानात कशी आली नाही?

१ मार्च.

शिमग्याला सहदेव महिन्याच्या रजेवर आला. म्हणजे तुळसाचा भाऊ, लालबागला गिरणीत असतो. गावकीच्या खोलीत राहतो. एकाच खोलीत आपल्या गावचे बावीस जण. रात्रपाळीवाले दिवसा झोपतात, दिवसपाळीवाले रात्री. मला म्हणाला, दाजी, तुमची वळकटी ठेवायला जागा करतो, एक लोटा पण कधी चोरीला गेला नाय आपल्या खोलीतून. जाईल कसा! चोर कोण ते सगळ्या गावाला कळेल ना. आणि तिथे बायकांना मज्जाव.

नम्रपणे नकार दिला. माटुंग्याबद्दल बोललो. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. भारावला असावा.

६ मार्च.

गोदूबाई आली होती. नात्याने तुळसाची मावशी, विधवा, लालबागला खानावळ चालवते. साठ गिरणीवाले जेवतात तिच्याकडे. तिची भाकऱ्या करणारी बाई सोडून गेली. खानावळीच्या मागे एक खोली आहे, दाराला कडी, समोर नळ, दोन्ही अंगांना बायका. म्हणाली, तुळसा भाकऱ्या थापील, तर दोघांनी ऱ्हावा, भाडं नको. चैती पुनवेपर्यंत जागा ठेवते गो तुज्यासाठी.

तुळसाचा चेहरा असा फुलला की मला वाईटच वाटलं. पण तत्त्व ते तत्त्व. माझ्या सतरा अटींपैकी या खोलीत फक्त तीन भरतात. फायनल पास माणसाने बायकोच्या मावशीच्या खानावळीमागे राहायचं? म्हटलं, विचार करू.

रात्री तुळसा म्हणाली, त्या तीन माझ्याच हायत. आणि कूस बदलली.

९ मार्च, सोमवार.

वाद मिटवायला देवळात कौल लावला. कोंडाजी गुरवाने रीतीप्रमाणे देवाच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे भिजवलेले तांदूळ चिकटवले. उजवा दाणा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. कोंडाजी आधी कुरकुरला. म्हणे, देवाची हद्द खालच्या ओढ्यापर्यंत, मुंबईचं त्याला काय ठावं? तेव्हा मी मॅप देवापुढे पसरला आणि देवाला नीट दिसावं म्हणून माटुंग्यावर सुपारी ठेवली.

गिरगाव : डावा. दादर : डावा. माटुंगा : कोणताच दाणा पडेना. दोन तास बसलो. कोंडाजी म्हणाला, दानं सुकलं. मी म्हटलं, देव विचार करतोय. देवाला घाई करू नये. पुढच्या सोमवारी पुन्हा.

लालबागचं विचारलं नाही. उगाच देवाला तरी संकटात कशाला घाला?

१६ मार्च, सोमवार.

उजवा! माटुंगा!! तुळसा सांगत सुटली आहे की कोंडाजी शिंकला म्हणून पडला. शिंकेचा काही संबंध नाही. शिंक आधी, दाणा मग.

१७ मार्च.

शेटजींना पत्र. ‘योग्य वस्ती निश्चित होईतो हजर होता येत नाही. एक मे धरून चालावे.’ मजकूर ठाम झाला आहे. सुरुवातीलाच आपली किंमत समजलेली बरी. टपालात टाकायला पोलादपुराला सहदेवबरोबर दिलं. तो म्हणाला, दाजी, ह्ये पाठवू नका. टाक म्हटलं.

२२ मार्च. महाड.

रावजी दुकानदार गेल्या महिन्यात मुंबईला जाऊन आला. त्याला माटुंगा विचारला. म्हणाला, अरे, तिथे आता सगळ्या इमारती झाल्या, लोक साहेबांसारखे राहतात. भाडं सांगितलं, ते माझ्या होणाऱ्या पगाराएवढं. म्हणजे पगार भाड्याला बरोबर पुरतो! फक्त जेवणाचं काहीतरी बघावं लागेल.

मॅपवर पेन्सिलने थोड्या इमारती काढल्या.

२६ मार्च.

शेटजींचं उत्तर. दोन ओळी. ‘आपल्याला वस्ती मिळेपर्यंत दुकान थांबत नाही. दुसरा माणूस नेमला आहे.’

असल्या उतावळ्या माणसाकडे नोकरी न केलेलीच बरी. थोडक्यात वाचलो.

तुळसा गोठ्यात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी जाऊन आलो. रडत होती. मी म्हशीला पेंढा घालायला आलोय असं दाखवलं. पेंढा आधीच घातलेला होता.

२८ मार्च.

तुळसा जाणार. गोदूमावशीला शब्द दिलाय, म्हणते, साठ मानसांचं जेवान हाय. गनपतीपर्यंत ऱ्हाईन. मला म्हणाली, तुमी पण चला, सहदेव गिरनीत बदली म्हनून लावील. बदली! रोज सकाळी फाटकापाशी उभं राहायचं, एखादा गैरहजर असला तर त्याच्या जागी काम! मी फायनल पास आहे. ती म्हणाली, मला म्हाईत हाय हो, दोन वर्सं रोज ऐकतेय.

आई माझी बाजू घेईल वाटलं. आई म्हणाली, जा गो बाय, तुजं नशीब तरी उघडू दे. ह्याला राब भाजायला मी लावते.

ही माझी सख्खी आई.

३० मार्च. पोलादपूर.

तिला मोटारीत बसवून दिलं. सोबत सहदेव. गाठोडं, भाकरी, लाकडी परात. मी बऱ्याच सूचना दिल्या. अनोळखी माणसाशी बोलू नको, नळावर भांडू नको. ती हो हो म्हणत होती. मोटार सुटताना म्हणाली, म्हशीला सांजचं पानी दाखवा, आणि वेळच्या वेळी जेवा.

हेच मी सांगायला हवं होतं. जायचं नवऱ्याने, मागे राहायचं बायकोने, इथे सगळं उलटंच झालं. मोटार वळणाआड गेली तरी मी हात हलवतच होतो. मोटारअड्ड्यावरच्या माणसाने विचारलं, कोण गेलं? म्हटलं, कुटुंब. तो हसला. मी चिडलो. मग डोळ्यात धूळ गेली. त्या रस्त्याला धूळ फार.

९ एप्रिल.

राब भाजला. भुवया जळाल्या. तुळसा असती तर हसली असती. फार हसली असती.

२३ एप्रिल, गुरुवार.

आठवड्याचा टपालवाला आज डोंगर चढून येतो. पाराकडे सहजच गेलो होतो. तिथे नेहमीप्रमाणे मुंबईला नवरे असलेल्या बायका जमलेल्या. मी जरा लांब, झाडाकडे बघत उभा राहिलो.

टपालवाल्याने नावं वाचली. चंद्राबाईचं आलं. आवडीचं आलं. मुरारी म्हणून माझ्या नावाची हाक काही आली नाही. तुळसा कोणाकडून तरी दोन ओळी लिहून घेईल वाटलं होतं. पुन्हा एकदा पिशवी बघ म्हटलं. त्याने बघितली. नव्हतं.

टपालवाला गेला तरी मी तिथेच. हैबती नऊ वर्षं मुंबईला गोदीत आहे, त्याच्या बायकोचंही आलं नव्हतं. ती मला म्हणाली, पयलं वरीस जड जातं, भावजी. मंग होते सवय.

आणि पारावर सरकून तिने मला जागा करून दिली. बायका हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

बसलो.