आप्पांच्या थडग्यावरचं जांभूळ

प्रिय पास्कू,

आईची तब्येत बरी आहे असं मी तुला फोनवर सांगितलं, ते तिच्या उशाशी बसून. खरं म्हणजे बेळगावच्या डॉक्टरांनी आता घरी न्या म्हटलंय. जेवण सुटलंय, नुसती पेज घेते. डोकं मात्र लख्ख आहे. पेला भरून पाणी दिलं तरी एवढं कशाला वाया घालवतेस म्हणून ओरडते. मला मेलीला सारखा धसका लागून राहिलाय.

मस्कतला जाण्याआधी तू आप्पांच्या थडग्यावर लावलेलं जांभूळ आता चर्चच्या कौलांना टेकलंय. यंदा तर लगडलंय नुसतं. सुरुवातीला दफनभूमीतलं म्हणून कुणी तोंडाला लावलं नाही, आता रविवारची मिस्सा संपली की पोरं थेट तिथंच. जन्मात कुणाला फुकट काही न दिलेले आप्पा गावभर जांभळं वाटताहेत, असं आई म्हणते आणि खोकला येईपर्यंत हसते.

आठवतं, तेव्हा सगळ्या पॅरिशनं वेदीसमोर हात वर करून शपथ घेतली होती? थडग्यावर सिमेंट-ग्रॅनाईट नको, झाड लावायचं, आणि लावलेलं झाड कधी तोडायचं नाही. पर्यावरण मंडळाची सेक्रेटरी मी, त्यामुळं सगळ्यात मोठा आवाज माझाच. उत्साहाच्या भरात एक गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नाही. आपल्याकडं काही वर्षांनी थडगं उघडतात, हाडं भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि त्याच जागी घरातलं पुढचं माणूस जातं. आता उघडणार कसं? खाली सगळी मुळं आहेत.

गेल्या वर्षी कैतानमामांची बायको वारली. घरच्या थडग्यावरचा फणस तोडू द्या म्हणून त्यांनी माझे हात धरले. "फिलू, येकच झाड गं. बदल्यात धा लावतो." मी शपथेवर बोट ठेवलं. मामींना नाल्याकडच्या नव्या तुकड्यात पुरलं. मामा अजून मिस्साला येतात, पण माझ्या बाकावर बसत नाहीत.

परवा आईनं विचारलं, "मला आप्पांच्या जागंतच ठेवणार न्हवं?" पास्कू, मी व्हय म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं रे. झाडाचं काय, असं तिनं विचारलं, तर म्हटलं, फादरांनी वाट काढलीय. फादरांना मी विचारलेलंसुद्धा नाही. कैतानमामांना नाही म्हटलेल्या तोंडानं काय विचारू? त्यावर ती म्हणाली, "पास्कूला इचारते. त्याला खोटं बोलाय येत न्हाय."

रविवारी ती तुला फोन लावायला सांगेल. घरातून बोलले तर तिला ऐकू जातं, म्हणून उद्या मस्कतला परतणाऱ्या नंदगडच्या मार्टिनच्या हाती हे पत्र धाडतेय. तू खोटं बोल असं मी म्हणत नाही, आणि खरं बोल असंही माझ्यानं म्हणवत नाही. फोनवर काहीच सांगू नकोस. मी येतो, मग बोलू, एवढंच म्हण, आणि खरंच ये. नाल्याकडं जावं लागणार हे तिला कुणीतरी हात हातात धरून सांगायला हवं, आणि मला ते जमत नाही.

वाट बघणारी, तुझीच
फिलूआक्का