फिल्टर कोणी काढला?

ती. अण्णांना,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे आठही अंगं जमिनीला टेकत नाहीत. टेकली तेवढी पोचली असं समजावं, उरलेली कंबर सुटल्यावर.) तुमची तब्येत कशी आहे? रक्तदाबाची गोळी रोज घेता ना? फोनवर तुम्ही "घेतो, घेतो" म्हणता, पण दोनदा म्हणता त्यामुळे मला शंका येते. वहिनींचा गुडघा आता पुष्कळच बरा असावा. काठीशिवाय स्वयंपाकघरात जातात, परवा तर फाटकापर्यंत चालत जाऊन भाजीवाल्याशी भांडून आल्या असं कळलं. ऐकून फार आनंद झाला. आनंद झाल्यावर मग मनात पाल चुकचुकली. वहिनी फाटकापर्यंत पोचल्या, तर त्यांच्या मदतीला आलेली तुमची बहीण अजून घरी का पोचली नाही? गुडघ्यासाठी गेलेलं माणूस गुडघा बरा झाल्यावरही राहतं, तेव्हा कुठेतरी पाणी मुरत असतं.

कुठे मुरतंय ते तिनेच सांगितलं. मी म्हटलं, गाडी घेऊन न्यायला येतो. ती म्हणाली, "त्या गाडीत मी पाऊल ठेवणार नाही. बसलं की शिंका सुरू होतात त्या घर येईपर्यंत थांबत नाहीत. माझी मी येईन सवडीनं." अण्णा, संसारात 'सवड' हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. सरळच लिहितो, घर खायला उठतं. हाताला दोघांच्या चहाची सवय आहे, दुसरा कप मीच पितो आणि मग झोप येत नाही. त्यात आमच्या शेजारचे दातांचे डॉक्टर. त्यांना तुमच्या बाजूला काम होतं म्हणून ती त्यांच्या नव्या गाडीतून तुमच्याकडे आली. परत आल्यावर त्यांनी मला गाठून सांगितलं की तुमच्या बहिणीला वाटेत एकही शिंक आली नाही. मी विचारलं नव्हतं. न विचारता माणूस शिंकांचा हिशेब का देतो? वर म्हणाले, आमच्या गाडीत केबिन फिल्टर आहे ना, बाहेरची हवा गाळून आत येते, तुमच्या जुन्या गाडीला नसेल. 'जुन्या' या शब्दावर त्यांनी जरा जास्तच वजन दिलं. रोज लोकांच्या दाढा उपटणाऱ्या माणसाला असल्या गोष्टी जमतात.

आता मुद्द्यावर येतो. (तुम्ही बसून वाचत असाल अशी आशा आहे. नसाल तर बसा.) ही गाडी मूळची तुमची. शोरूममधून तुम्ही आणली, मनसोक्त चालवली आणि नवी घेतल्यावर बहिणीवरच्या मायेनं आमच्या दारात आणून लावली. त्या मायेविषयी मला तेव्हा शंका नव्हती. पण डॉक्टरांचं ऐकून मी स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो, तर दुकानदारानं गाडीचं मॉडेल विचारलं आणि वर न बघताच सांगितलं की डॅशबोर्डचा कप्पा काढा, त्याच्यामागे फिल्टरची खाच आहे. घरी येऊन कप्पा काढला. आत खरोखरच लांबट खाच होती आणि तिच्या तोंडावर प्लास्टिकचं झाकण होतं. झाकण कापलं. आत फिल्टर नव्हता. जागा आहे आणि वस्तू नाही, याला आपल्याकडे काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. भिंतीवर खिळा असेल आणि तसबीर नसेल तर घरातली माणसं एकमेकांकडे बघतात. मी गाडीकडे बघितलं, मग गाडीला आजवर हात लावलेल्यांचा विचार केला. असे दोघेच, एक गॅरेजवाला आणि दुसरे तुम्ही.

गॅरेजवाल्यावर मी आधी संशय घेतला, हे तुमच्या लक्षात यावं म्हणून मुद्दाम लिहितो. नातं मी पाळलं. पण खाचेत हात घातला तर फिल्टरऐवजी हाताला लागलं उंदराचं घरटं. कापसाचे बोळे, वर्तमानपत्राच्या चिंध्या आणि शेंगांची टरफलं. अण्णा, आमच्या घरात शेंगा खात नाहीत, माझ्या दाढेला त्या चालत नाहीत. (हे मात्र डॉक्टरांना विचारून खात्री करून घेता येईल.) "गाडीत मी कधी काही खात नाही, दुसऱ्यालाही खाऊ देत नाही" असं तुम्ही आजवर प्रत्येक प्रवासात, गाडी सुरू होण्याआधी सांगत आलात. मग उंदरानं टरफलं काय बाजारातून आणली? म्हणजे तुमची बहीण इतकी वर्षं आमच्या शेजारी बसून तुमच्याच शेंगांच्या टरफलांची धूळ नाकात घेत होती आणि बोलणी मात्र मी खात होतो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून मी कोणाला बोललो नाही. फक्त टरफलं एका डब्यात भरून ठेवली आहेत.

घरटं मला मुळापासून निघेना. आतल्या पंख्यापर्यंत गेलं होतं. शेवटी गाडी गॅरेजवाल्याकडे नेली. त्यानं पंखा खोलला, झटकला, परत बसवला आणि म्हणाला फिल्टरही मीच बसवतो. मी नको म्हटलं. जो माणूस इतक्या आपुलकीनं म्हणतो त्याच्या हातात नवी वस्तू देऊ नये. शिवाय त्याचा स्वतःचा सल्ला असा होता की फिल्टरबिल्टर काही लागत नाही, काचा उघड्या ठेवा आणि काकूंना नाकाला रुमाल धरायला सांगा. हे मी त्याला तुमच्या बहिणीसमोर बोलून दाखवायला सांगणार आहे.

फिल्टर मी घरी, दार लावून, स्वतः बसवला. घड्या घातलेल्या पांढऱ्या कागदासारखी वस्तू आहे. कडेला बाण आहे, तो वाऱ्याच्या दिशेनं राहायला हवा. वारा खाचेत वरून खाली जातो असं दुकानदार म्हणाला होता, पण त्याच्या सांगण्यावर विसंबणं बरं नव्हे म्हणून मी कप्प्यापाशी तोंड नेऊन पंखा सुरू केला आणि खात्री करून घेतली. (डोळ्यात काय गेलं ते अजून कळलेलं नाही.) नवी कोरी वस्तू, हाताचा डाग लागू नये म्हणून फार जपून सरकवली. कप्पा लावला. पंखा सुरू केला आणि अण्णा, काय सांगू, धुळीचा एक कण आत आला नाही. मी डॅशबोर्डवर काळा रुमाल पसरून ठेवला होता. बाजाराला चक्कर मारून आलो तरी रुमाल जसाच्या तसा. डॉक्टर फाटकात उभे होते, त्यांना रुमाल दाखवला. त्यांचा चेहरा पडला, निदान मला तरी तसं दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गारवा होता आणि गाडीच्या काचा आतून धुरकटल्या. पंखा पुढच्या आकड्यावर नेला, आवाज वाढला, काच तशीच. त्याच्या पुढच्या आकड्यावर नेला. पंखा घोंगावत होता आणि वारा म्हणाल तर मेणबत्तीही विझणार नाही. चौकात मी खिडकीतून डोकं बाहेर काढून, मानेला ताण देत गाडी चालवत होतो. दुपारी ऊन चढल्यावर आत बसवेना. धूळ येत नव्हती हे खरं, पण दुसरंही काही येत नव्हतं. तेव्हा गॅरेजवाल्याविषयी शंकेला जागाच उरली नाही. यानं झटकायच्या निमित्तानं चांगला पंखा काढून घेतला आणि दुसऱ्या कोणाचा मेलेला पंखा माझ्या गाडीत घातला. मी तडक गॅरेज गाठलं. चार गिऱ्हाईकं उभी होती. बरंच झालं, साक्षीदार मिळाले. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं की गेल्या वेळी काढलेला पंखा कोणत्या गाडीत गेला? तो म्हणाला, "काका, पंखा तुमचाच आहे. पण आता तो गेलेला दिसतो, नवीन टाकावा लागेल." बघा, सापडलाच. मी म्हटलं थांब, सगळ्यांसमोर खोलू. कप्पा मीच काढला, फिल्टर मीच ओढला आणि वर धरला.

फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीत होता. दुकानातून आणला तसा, पिशवी चिकटवलेली, वर किमतीचं लेबल. पंख्यानं एवढा ओढला होता की पिशवी फिल्टरला चामडीसारखी चिकटून बसली होती.

पुढचं लिहीत नाही. चार गिऱ्हाईकं, गॅरेजवाला आणि समोरचा पंक्चरवाला असे सगळे हसले. (पंक्चरवाला इतक्या लांबून, इतक्या लगेच कसा हसला, हे मला अजून उलगडलेलं नाही.) "गेलेला" पंखा पिशवी काढताच एवढ्या जोरात सुरू झाला की डॅशबोर्डवरच्या पावत्या उडाल्या. तेव्हा गॅरेजवाल्याचंही हसू थोडं आवरलं.

पण अण्णा, मी पिशवी काढली का नाही? वाटेत मी गाडी कडेला घेऊन याच गोष्टीचा विचार केला. तुमच्या घरात टीव्हीचा रिमोट पिशवीत आहे. सोफ्यावर प्लास्टिक आहे, भिंतीवरच्या घड्याळावर प्लास्टिक आहे, मिक्सरला झबलं आहे. नवी वस्तू तशीच राहावी म्हणून ती वापरताना तिला हातच लावायचा नाही, ही तुमच्या घराण्याची रीत तुमच्या बहिणीनं माझ्या घरात आणली. मी लग्नानंतर पहिली काही वर्षं हसलो, मग हसायचं विसरलो, मग नव्या चष्म्याच्या काचेवरचं स्टिकर महिनाभर ठेवलं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

तसाच गाडीत बसून होतो, तेव्हा शेजारच्या सीटकडे लक्ष गेलं. तिची सीट. तिच्यावर शोरूमचंच प्लास्टिक आहे, तुम्ही गाडी आणलीत तेव्हापासूनचं. पिवळं पडलेलं, शिवणीवर फाटलेलं, तुमच्या चिकटपट्ट्यांवर माझ्या चिकटपट्ट्या. भेगेत बोट घातलं तर आत धुळीचा थर होता. फिल्टर बाहेरची धूळ अडवणार, पण ही तर आतच बसली होती, आणि तीही नेमकी तिच्याखाली. मी तुम्हाला न विचारता (गाडी आता माझी आहे) ते प्लास्टिक कापलं आणि सगळं काढून टाकलं. अण्णा, सीट निळी आहे. तुम्हाला तरी माहीत होतं का? मी इतकी वर्षं तिला राखाडी समजत होतो. पुसल्यावर खाली कापड असं निघालं की त्यावर कधी कोणी बसलंच नव्हतं. तुमची बहीण इतकी वर्षं माझ्या शेजारी बसली, पण त्या सीटवर अशी एकदाही नाही. मला फार वाईट वाटलं.

वहिनींच्या गुडघ्याला आणि तुमच्या गोळीला सांभाळावं. कळावे,

तुमचा मेहुणा
(नाव लिहीत नाही. पत्र भलत्या हाती पडलं तर? अक्षरावरून तुम्ही ओळखालच.)

ता. क. गॅरेजवाल्यानं आत्ताच फोन करून सांगितलं की या मॉडेलला कंपनीतून फिल्टर येतच नव्हता, फक्त जागा ठेवलेली असायची. तेव्हा तो तुम्ही काढलात हा आरोप मी परत घेतो. शेंगांचा कायम आहे. डबा सोबत आणतो.

ता. क. २. 'सोबत आणतो' लिहून गेलोच आहे, तर खरं सांगतो, येत्या रविवारी मी येतोय. तिला सांगू नका. काहीतरी निमित्त काढून तिला फाटकापर्यंत आणा (वहिनींना भाजीवाल्याशी पुन्हा भांडायला सांगा, ती सोडवायला येईलच), आणि काचा बंद करून एकदा गाडीत बसायला लावा. तिला शिंक आली तर गाडी तिथेच तुमच्या दारात सोडीन आणि आम्ही दोघं बसनं परत जाऊ. गाडीवाचून माझं चालेल. तिच्यावाचून चालत नाही, हे मी पंधरवड्यात बघितलं. हे वाक्य मात्र तिला वाचून दाखवू नका. दाखवलंत तरी चालेल.

ता. क. ३. निळ्या सीटवर मी अजून कोणाला बसू दिलेलं नाही, भाजीची पिशवीही ठेवली नाही. पहिल्यांदा तीच बसेल. तोवर खराब होऊ नये म्हणून वर जुनी चादर घातली आहे, आणि चादर मळू नये म्हणून तिच्यावर ते जुनंच प्लास्टिक, धुऊन.